टायर नवा दिसतो, पण नवा असतो का? चार्ल्स गुडइयर यांची गोष्ट

टायर बदलायचा की नाही हे आपण कसं ठरवतो? नक्षी बघून. टायर गोटा झाला की बदलायचा, नक्षी दिसतेय तोवर चालवायचा. मला विचाराल तर हे अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्धं समजावून सांगायला मला चार्ल्स गुडइयर यांचं आयुष्य सगळ्यात सोपं वाटतं.

गुडइयर यांचा जन्म १८०० साली अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे झाला. फिलाडेल्फियातला त्यांचा हार्डवेअरचा धंदा बुडाला आणि कर्ज न फेडल्यामुळे तुरुंगाची वारीही झाली. तेव्हा रबर ही नवी, पण बेभरवशाची वस्तू होती. उन्हाळ्यात चिकट होऊन वितळायची, थंडीत कडक होऊन तडकायची. हा दोष काढायचाच, असं त्यांनी मनावर घेतलं. घरातल्या वस्तू गहाण पडल्या, पण प्रयोग काही थांबले नाहीत.

मध्येच यश आल्यासारखं वाटलं. आम्लाची प्रक्रिया केलेलं रबर छान दिसत होतं. सरकारकडून टपालाच्या पिशव्यांची ऑर्डरही मिळाली. पण उन्हाळ्यात पिशव्या चिकट होऊन खराब झाल्या. प्रक्रिया फक्त वरच्या थरावर झाली होती, आत रबर कच्चंच होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१८३९ साली गंधक मिसळलेलं रबर त्यांच्याकडून चुकून तापलेल्या शेगडीला लागलं. ते वितळलं नाही, चामड्यासारखं करपलं. गुडइयर यांनी नेमकं तेच हेरलं. उष्णता किती आणि किती वेळ द्यायची, हे बसवण्यात पुढची काही वर्षं गेली. १८४४ साली पेटंट मिळालं. यालाच आपण व्हल्कनायझेशन म्हणतो. रबराच्या लांब साखळ्यांना गंधक एकमेकांशी बांधतं, म्हणून रबर ताणलं तरी परत जागेवर येतं.

पैसा मात्र कोर्टकचेऱ्यांतच गेला. १८६० साली ते वारले तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. मोटारगाडी तर त्यांनी पाहिलीच नाही. त्यांच्या नावाची टायर कंपनी १८९८ साली दुसऱ्याच लोकांनी काढली, घराण्याचा काही संबंध नाही.

आता आपल्या टायरकडे येऊ. गंधकाने बांधलेलं रबरही अमर नसतं. ऊन, उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन यांमुळे ते हळूहळू कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. गाडी उभी असली तरीही! म्हणजे टपालाच्या पिशवीसारखंच, वरून ठीक आणि आत बिघाड. असा टायर ओल्या रस्त्यावर नीट पकडत नाही आणि हायवेवर फुटूही शकतो.

म्हणून मोबाइलचा टॉर्च लावा आणि टायरच्या बाजूचा फोटो काढून झूम करा:

- चार अंकी आकडा शोधा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. आकडा एका बाजूला दिसला नाही तर दुसरी बाजू बघा.
- पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तज्ज्ञाकडून तपासून घ्या. दहा वर्षं झाली की नवाकोरा दिसला तरी बदला. स्टेपनीलाही हाच नियम.
- खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिमी उरली, टायर संपला.
- भेग किंवा फुगा दिसला तर वय बघत बसू नका, लगेच दाखवा.

नवा घेताना १८५/६५ आर१५ ८८एच असं काही लिहिलेलं दिसेल. १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के उंची, आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे इंचांत रिम. ८८ हा वजनाचा आणि एच हा वेगाचा कोड. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलंय तेच माप घ्या, शेवटचे दोन कोड त्याहून कमी नकोत. आणि हो, पैसे देण्याआधी तो चार अंकी आकडा दुकानातच वाचा. दुकानात पडून असलेल्या टायरचंही वय वाढतच असतं.