अळ्यांची मैत्रीण

पावसाळ्यात मुंबईची आरे कॉलनी हिरवीगार होते. तेथील झाडांखालून जाताना एखादी अळी अंगावर पडली, तर आपण दचकून ती झटकून टाकतो. पण तेथेच एखादे फुलपाखरू दिसले, की हरखून त्याच्यामागे धावतो. दोन्ही एकाच जीवाची रूपे आहेत, हे आज आपणांस ठाऊक आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातील फार थोड्या लोकांना ते ठाऊक होते. किडे चिखलातून व कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, असे पुष्कळजण मानीत आणि त्यांचा तिटकारा करीत. हा समज दूर करण्यासाठी जिने आयुष्य वेचले, त्या मारिया सिबिला मेरियनची ही कथा आहे.

मारियाचा जन्म १६४७ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी झाला. ती तीन वर्षांची असतानाच तिचे वडील वारले. तिचे सावत्र वडील चित्रकार होते. त्यांच्यापाशी ती फुलांची चित्रे काढण्यास शिकली. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले. अंड्यातून अळी निघाली, अळीने स्वतःभोवती कोश विणला आणि कोशातून पंख असलेला पतंग बाहेर आला. हे पाहून ती थक्क झाली. मग ती नाना प्रकारच्या अळ्या घरी आणू लागली. कोणती अळी कोणत्या झाडाचे पान खाते, कोश केव्हा करते, याची ती बारकाईने नोंद ठेवी. कधी कधी कोशातून फुलपाखराऐवजी माश्याच बाहेर पडत. तिला त्याचा उलगडा होत नसे. तरी जे दिसले, तेच ती लिही. १६७९ साली तिचे अळ्यांविषयीचे पहिले पुस्तक निघाले. त्यातील प्रत्येक चित्रात कीटकाच्या साऱ्या अवस्था व त्याचे खाद्य असलेली वनस्पती एकत्र दाखविली होती.

पुढे १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपली चित्रे विकून तिने पैसा उभा केला आणि धाकट्या मुलीसह ती दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला निघाली. तेथे उसाच्या मळ्यांचे गोरे मालक तिची थट्टा करीत. साखरेवाचून दुसऱ्या कशाचे मोल त्यांना नव्हते. तेथील आदिवासी आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम यांनी मात्र तिला रानातील वनस्पतींची व कीटकांची माहिती दिली. दोन वर्षांनी आजाराने खंगून तिला परतावे लागले. पण तिने हाती घेतलेले काम सोडले नाही. १७०५ साली ॲमस्टरडॅम येथे साठ चित्रांचा तिचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच शहरी १७१७ साली तिने देह ठेवला. पुढे लिनियस या थोर शास्त्रज्ञाने जीवांचे वर्गीकरण करताना तिच्या चित्रांचा आधार घेतला.

मुलांनो, केसाळ सुरवंटाला हात लावू नये; त्याने अंगाला खाज सुटते. परंतु पाहण्यात भय कसले? आरेच्या झाडीत किंवा घराजवळ लिंबाच्या रोपट्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहानशी अळी आढळली, तर तोंड फिरवू नका. रोज तिच्याकडे पाहा. काही दिवसांनी ती हिरवी होईल, मग कोश करील आणि एके सकाळी त्यातून काळ्या-पिवळ्या पंखांचे फुलपाखरू बाहेर पडेल. जिची वाढ आपण डोळ्यांनी पाहिली, तिची किळस मग कोणाला वाटेल?