आल्प्सचा विजेता, हिवतापाचा बळी

सायकल शर्यतींच्या इतिहासात ज्याची गणना सर्वश्रेष्ठांमध्ये होते, त्या फाउस्तो कोप्पीचे २ जानेवारी १९६० रोजी सकाळी उत्तर इटलीतील तोर्तोना या गावी निधन झाले. वय अवघे चाळीस. मृत्यूचे कारण होते हिवताप, अर्थात मलेरिया. ज्या देशाच्या भाषेने या रोगाला 'दूषित हवा' या अर्थाचे नाव दिले आणि ज्या देशाने दहाएक वर्षांपूर्वीच त्याला जवळजवळ हद्दपार केले होते, त्याच देशात तो ओळखला गेला नाही. म्हणूनच कोप्पीच्या विजयांइतकीच त्याच्या अखेरच्या आठवड्याची हकिगतही स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

फाउस्तोचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी पिएमॉन्ते प्रांतातील कास्तेल्लानिया या डोंगरातल्या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांतला तो चौथा. अंगकाठी किरकोळ, पाय लांबच लांब. शाळेत मन रमले नाही, तेव्हा तेराव्या वर्षाच्या सुमारास तो नोव्ही लिगुरे येथील एका खाटकाच्या दुकानात कामाला लागला. गिऱ्हाइकांच्या घरी सायकलवरून मांस पोचवणे हे त्याचे काम. चढउताराच्या त्या रस्त्यांनीच त्याला घडवले. याच गावात बिआज्जो काव्हान्ना हा अंध मालिशतज्ज्ञ राहत असे. स्नायू चाचपून तो खेळाडूची ताकद ओळखत असे. या किडकिडीत पोराचे सामर्थ्य त्याने हेरले आणि पुढे आयुष्यभर त्याला मार्गदर्शन केले.

१९४० मध्ये कोप्पीला एका नामांकित संघात जागा मिळाली, ती जीनो बार्ताली या तेव्हाच्या सर्वांत लोकप्रिय सायकलपटूचा मदतनीस म्हणून. त्या वर्षीची 'जिरो द इटालिया' मात्र या मदतनीसानेच जिंकली. तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. नोव्हेंबर १९४२ मध्ये, बॉम्बहल्ल्यांच्या छायेतील मिलान शहरात, त्याने एका तासात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापण्याचा विश्वविक्रम केला. तो पुढे १९५६ पर्यंत अबाधित राहिला. १९४३ मध्ये सैनिक म्हणून त्याला उत्तर आफ्रिकेत धाडण्यात आले आणि ट्युनिशियात तो ब्रिटिशांच्या हाती सापडला. ऐन उमेदीची वर्षे अशी युद्धाने गिळली.

युद्ध संपल्यावर मात्र त्याने जणू सगळी थकबाकी वसूल केली. १९४६ ची मिलान-सान रेमो शर्यत त्याने चौदा मिनिटांच्या आघाडीने जिंकली. 'जिरो' एकूण पाच वेळा आणि 'टूर द फ्रान्स' दोनदा त्याच्या नावावर आहे. या दोन्ही महाशर्यती एकाच वर्षी जिंकण्याचा पराक्रम त्यानेच प्रथम १९४९ मध्ये केला आणि १९५२ मध्ये त्याची पुनरावृत्ती केली. १९४९ च्या जिरोमध्ये कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्यात पाच घाट ओलांडत तो १९२ किलोमीटर एकटाच पुढे राहिला. दुसऱ्या क्रमांकाचा बार्ताली जवळजवळ बारा मिनिटे मागे होता. पराभवाच्या राखेतून उठणाऱ्या इटलीचे तेव्हा दोन तट पडले होते, एक बार्तालीचा आणि दुसरा कोप्पीचा.

यशाच्या या चढणीवर दुःखाची वळणेही होती. जून १९५१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ सेर्से तुरीन येथे शर्यतीत पडला. डोक्याला मार लागूनही तो उठला आणि त्याने शर्यत पुरी केली. दुखापत कोणाला गंभीर वाटली नाही, आणि काही तासांतच मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा अंत झाला. फाउस्तो कोलमडला. तरीही तो उभा राहिला आणि १९५३ मध्ये जगज्जेता झाला. पुढे जुलिया ओक्कीनी या विवाहित स्त्रीशी जडलेल्या संबंधांमुळे त्याच्यावर टीकेचे मोहोळ उठले. व्यभिचार हा तेव्हा इटलीत गुन्हा होता. त्यामुळे दोघांना न्यायालयाची पायरीही चढावी लागली.

डिसेंबर १९५९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा, म्हणजे आजचा बुर्किना फासो, या देशातून युरोपातील नामवंत सायकलपटूंना निमंत्रण आले. औगाडुगू येथे स्थानिक सायकलपटूंबरोबर प्रदर्शनीय शर्यत आणि त्यानंतर शिकार, असा बेत होता. जाक आन्केतील, कोप्पीचा फ्रेंच मित्र राफाएल जेमिनियानी आणि इतर काही जण गेले, कोप्पीही गेला. शिकारीच्या मुक्कामात कोप्पी आणि जेमिनियानी एकाच खोलीत राहिले. डासांनी रात्रभर झोपू दिले नाही, अशी आठवण जेमिनियानी पुढे सांगत असे.

दोघेही घरी परतले ते ठणठणीत. हिवतापाची फसवणूक इथेच असते. डास चावल्यानंतर परोपजीवी प्रथम यकृतात गुपचूप वाढतात. त्या काळात रोग्याला काहीही जाणवत नाही. एकदोन आठवड्यांनी ते रक्तात उतरतात आणि मग ताप भडकतो. तोवर प्रवासाच्या बॅगा रिकाम्या झालेल्या असतात आणि तो ताप व तो प्रवास यांचा संबंध कोणाच्या ध्यानी येत नाही. नाताळाच्या सुमारास दोन्ही मित्र अंथरुणाला खिळले, एक फ्रान्समध्ये, दुसरा इटलीत.

जेमिनियानी बेशुद्ध झाला. पण त्याच्या रक्ताचा नमुना पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटकडे गेला आणि तिथे फॅल्सिपेरम या सर्वांत घातक जातीचे परोपजीवी आढळले. क्विनाइन सुरू झाले आणि तो वाचला. इकडे कोप्पीवर श्वसनमार्गाच्या आजाराचे उपचार चालू राहिले. जेमिनियानीच्या घरच्यांनी इटलीला निदान कळवले होते, पण त्याकडे लक्ष दिले गेले नाही, असे सांगितले जाते. १ जानेवारीला त्याला रुग्णालयात हलवण्यात आले, तेव्हा फार उशीर झाला होता.

यातील दैवदुर्विलास असा की, हिवताप हा इटलीचा जुना वैरी. माणसातील हिवताप अॅनॉफिलीस डासामुळे पसरतो, हे १८९८ मध्ये रोममध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी याने दाखवून दिले होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तंबाखूच्या दुकानांतूनही सरकारी क्विनाइन विकले जात असे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या फवारणीने रोग मागे हटला. १९७० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इटली हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले. मात्र रोगाबरोबर त्याची आठवणही पुसट होत गेली. आजारी माणूस आफ्रिकेतून आला आहे, हे अवघ्या देशाला ठाऊक होते. प्रश्न होता तो त्याच्या रक्ताचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा. पुढे २००२ मध्ये त्याच्यावर विषप्रयोग झाल्याची वदंता उठली आणि चौकशीही झाली, पण तीत तथ्य आढळले नाही.

कोप्पीला जाऊन सहा दशके उलटली, तरी ही चूक जुनी झालेली नाही. एकट्या ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये परदेशातून आलेल्या हिवतापाचे दोन हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. मुंबईत पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला की डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात. लंडन किंवा टोरांटोच्या डॉक्टरला ते सुचेलच असे नाही. सुट्टीत मायदेशी येऊन परतणाऱ्या आपल्या मुलाबाळांनाही हे लागू आहे. भारतात आढळणारा व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप यकृतात कित्येक महिने दबा धरून बसू शकतो. तिकडे ताप आला, तर आपण कोठून आलो हे डॉक्टरांना रुग्णानेच आधी सांगितले पाहिजे.

हिवतापातून बरा झालेला जेमिनियानी पुढे चौसष्ट वर्षे जगला. २०२४ मध्ये वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी त्याचे निधन झाले. कोप्पी मात्र कास्तेल्लानियात भाऊ सेर्सेच्या शेजारी चिरनिद्रा घेत आहे. २०१९ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्या खेड्याने अधिकृतपणे आपल्या नावापुढे त्याचे नाव जोडले. आज ते 'कास्तेल्लानिया कोप्पी' म्हणून ओळखले जाते.