इरावती कर्वे आणि लग्नाआधीची रक्ततपासणी

लग्न जमवताना तुम्ही गाव, नातेसंबंध, पत्रिका पाहता. बुलढाणा जिल्ह्यातल्या, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या कुटुंबांनी त्यात आणखी एक कागद जोडावा: सिकलसेल तपासणीचा अहवाल. तो का हवा, हे इरावती कर्वे यांच्या कामातून नीट समजते. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून तुम्ही त्यांना ओळखता, त्यांचा विषय मात्र मानववंशशास्त्र होता.

त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तिथल्या इरावदी नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षण पुण्यात झाले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सून. १९२८ मध्ये त्या संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशावंशांत उच्चनीच मानणारे होते. इरावतीबाईंनी माणसांच्या कवट्या मोजल्या. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध दिसला नाही. गुरूंच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी तसाच मांडला.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. गावोगाव फिरून त्यांनी लोकांच्या शरीराची मापे घेतली, रक्ताचे नमुने जमवले, नात्यांच्या नोंदी केल्या. एकाच नावाचे, एकाच धंद्याचे, पण आपसांत लग्न न करणारे गट शरीरानेही वेगळे असू शकतात, हे त्यांनी दाखवले. मामाच्या मुलीशी लग्न उत्तरेत वर्ज्य, दक्षिणेत पसंतीचे आणि महाराष्ट्रात या दोन्ही रीती कशा भेटतात, हेही त्यांनी लिहिले. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

इरावतीबाई डॉक्टर नव्हत्या आणि त्यांच्या काळी डीएनए तपासणीही नव्हती. पण पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक गटातच लग्ने झाली, की त्या गटातला दोषही तिथेच फिरत राहतो. हिमोग्लोबिनच्या जनुकातले एक अक्षर बदलले की सिकलसेलचा दोष तयार होतो. विदर्भातल्या आदिवासी आणि इतरही अनेक समाजांत तो आढळतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच तो मिळाला, तर माणूस फक्त वाहक असतो. त्याला सहसा काहीच त्रास होत नाही, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

आरोग्य केंद्रातल्या साध्या चाचणीत दोष दिसला, तर एचपीएलसी तपासणीने खात्री करतात. दोघेही वाहक असून लग्न झालेले असेल, तर गर्भाची डीएनए तपासणी साधारण ११ ते १४ आठवड्यांत करता येते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगा.

वाहक निघाली म्हणून मुलीला नाकारणे मात्र चूक आहे. जोडीदाराचा एचपीएलसी अहवाल सामान्य असेल, तर त्यांच्या मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही. शरीरातल्या फरकावरून माणूस कमी-जास्त ठरत नाही, हे बर्लिनमधल्या त्या मापांनीही सांगितले होते. अहवाल मुलीचाही घ्या आणि मुलाचाही.