जमशेटजी जीजीभाई

सर जमशेटजी जीजीभाई (१५ जुलै १७८३ – १४ एप्रिल १८५९) हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईचे अग्रगण्य पारशी व्यापारी, दानशूर आणि नागरी पुढारी होते. मुंबईतील जे. जे. रुग्णालय, सर ज. जी. कला महाविद्यालय, माहीमचा कॉजवे आणि भुलेश्वरची पांजरपोळ ही त्यांच्या व त्यांच्या कुटुंबाच्या दानातून उभी राहिलेली कामे प्रसिद्ध आहेत. ब्रिटिश राजवटीत नाइट हा किताब मिळवणारे ते पहिले भारतीय होत. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीपोटी मुंबईत लागू झालेल्या श्वानहत्येच्या नियमावरून १८३२ मध्ये दंगल उसळली. त्या प्रसंगी सरकार आणि नागरिक यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या पुढाऱ्यांमध्ये जमशेटजी प्रमुख होते.

जन्म आणि बालपण

जमशेटजींचा जन्म मुंबईत एका सामान्य पारशी कुटुंबात झाला. वडील मेरवानजी आणि आई जीवीबाई. हे कुटुंब मूळचे गुजरातचे असून कापडाच्या व्यापारानिमित्त मुंबईत आले होते. १७९९ मध्ये आईवडील दोघेही निवर्तले आणि सोळा वर्षांचे जमशेटजी मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्या आश्रयाला आले. फ्रामजींचा व्यवसाय रिकाम्या बाटल्यांच्या खरेदी-विक्रीचा होता. जमशेटजींचे औपचारिक शिक्षण फार झाले नाही. हिशेब, पत्रव्यवहार आणि व्यवहारापुरते इंग्रजी हे त्यांनी कामातूनच आत्मसात केले. १८०३ मध्ये फ्रामजींची कन्या अवाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

व्यापारी कारकीर्द

वयाच्या सोळाव्या वर्षी जमशेटजी कलकत्त्याला गेले आणि त्यानंतर लवकरच चीनच्या पहिल्या सफरीवर निघाले. १८०७ पर्यंत त्यांनी चीनच्या एकूण पाच सफरी केल्या. मुंबईहून कापूस आणि अफू पाठवायची व चीनहून रेशीम, चहा आणि चांदी आणायची, असे या व्यापाराचे स्वरूप होते. १८०५ मध्ये ते ज्या ब्रन्सविक जहाजातून प्रवास करत होते ते फ्रेंच आरमाराने पकडले आणि प्रवाशांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केपला नेण्यात आले. या जहाजावरील डॉक्टर विल्यम जार्डिन यांच्याशी त्यांची ओळख झाली. पुढे जार्डिन वैद्यकी सोडून व्यापारात उतरले आणि जार्डिन-मॅथेसन ही त्यांची पेढी चीनच्या व्यापारातील बलाढ्य पेढी ठरली. जमशेटजी या पेढीचे भारतातील महत्त्वाचे सहयोगी होते.

मुंबईत स्थायिक झाल्यावर त्यांनी जमशेटजी जीजीभाई आणि कंपनी ही पेढी काढली. जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, कोकणी मुसलमान व्यापारी महंमद अली रोगे आणि गोव्याचे रॉजर द फारिया हे त्यांचे भागीदार होते. चार वेगवेगळ्या समाजांतील माणसांची ही भागीदारी त्या काळच्या मुंबईच्या व्यापारी जीवनाचे वैशिष्ट्य दाखवते. यांपैकी मोतीचंद अमीचंद (मोतीशा शेठ) यांच्याबरोबरचा स्नेह पुढे पांजरपोळीच्या स्थापनेत उपयोगी पडला.

श्वानहत्येचा नियम

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत भटक्या कुत्र्यांची संख्या मोठी होती. रेबीज (अलर्क रोग) या रोगावर त्या काळी कोणताही इलाज किंवा लस नव्हती. पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून हा रोग शरीरात शिरतो व चेतातंतूंमार्गे मेंदूपर्यंत पोहोचतो. एकदा लक्षणे दिसू लागली की रुग्ण बहुधा वाचत नाही. लुई पाश्चर यांनी माणसावर या रोगाच्या लसीचा पहिला यशस्वी प्रयोग १८८५ मध्ये केला आणि भारतात कसौली येथे पाश्चर संस्था १९०० मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी कुत्री मारणे हाच रोगप्रतिबंधाचा एकमेव मार्ग आहे, अशी प्रशासनाची समजूत होती.

मुंबई सरकारने १८१३ मध्ये केलेल्या नियमानुसार वर्षातील ठरावीक काळात बेवारस कुत्री मारण्याची मुभा पोलिसांना मिळाली. १८३२ मध्ये ही मुदत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असल्याने कुत्री पकडणारे अधिक उत्साहाने काम करू लागले. ते मालकीची कुत्रीही पकडतात, घरांच्या आवारात शिरतात आणि भर रस्त्यात कुत्री मारतात, अशा तक्रारी वाढल्या. नियम बेवारस कुत्र्यांपुरता होता, परंतु रस्त्यावरचे कुत्रे बेवारस की मालकीचे हे ठरवण्याची कोणतीही पद्धत त्यात नव्हती.

पारशी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान आहे. मृतदेहाजवळ कुत्रा आणून त्याची नजर मृतावर पडू देण्याचा सगदीद हा विधी पारशी अंत्यसंस्कारांचा भाग आहे. जैनांच्या दृष्टीने कोणत्याही जीवाची हत्या हे पाप होते आणि हिंदूंमध्येही भूतदयेची परंपरा होती. त्यामुळे हा नियम अनेक समाजांना एकाच वेळी दुखावणारा ठरला.

१८३२ ची दंगल

६ जून १८३२ रोजी कोटभागात कुत्री पकडणाऱ्या पोलिसांवर जमावाने हल्ला केला. तो दिवस पारशी व हिंदू या दोन्ही समाजांना पवित्र होता. ७ जून रोजी शहरात हरताळ पाळण्यात आला. दुकाने बंद राहिली आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारा अन्नपाण्याचा पुरवठा रोखण्यात आला. सुरुवात पारशांनी केली असली, तरी हिंदू, जैन आणि काही मुसलमान व्यापारीही त्यात सामील झाले. न्यायालयाच्या परिसरात जमाव जमला व अधिकाऱ्यांच्या गाड्यांवर घाण फेकण्यात आली. अखेर लष्कर बोलावून जमाव पांगवण्यात आला आणि अनेकांना अटक झाली. त्या वेळी अर्ल ऑफ क्लेअर हे मुंबईचे गव्हर्नर होते. इतिहासकार या घटनेचा उल्लेख मुंबईची श्वानदंगल असा करतात. कंपनी सरकारच्या काळात मुंबईतील व्यापाऱ्यांनी एकजुटीने पाळलेल्या आरंभीच्या हरताळांपैकी हा एक होता.

या घटनेने शहरातील शेठ मंडळींची स्थिती नाजूक झाली. सरकारशी असलेले सख्य हा त्यांच्या व्यापाराचा आणि प्रतिष्ठेचा आधार होता. दुसरीकडे, हरताळात उतरलेले लोक त्यांच्याच समाजाचे होते. जमशेटजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंसेला पाठिंबा दिला नाही, परंतु तिच्यामागचे दुःख खरे आहे ही बाजू त्यांनी सरकारपुढे मांडली. शिक्षा झालेल्यांना क्षमा मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केले. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, अशीही नागरिकांची मागणी होती. या तडजोडीमुळे रस्ते मोकळे राखण्याचा सरकारचा हेतू आणि जीवहत्या टाळण्याची नागरिकांची इच्छा या दोहोंना वाट मिळाली.

पांजरपोळीची स्थापना

पकडलेल्या कुत्र्यांना ठेवायचे कोठे आणि पोसायचे कोणी, हा प्रश्न तडजोडीनंतरही शिल्लक होता. १८३४ मध्ये जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वर परिसरात मुंबई पांजरपोळीची स्थापना केली. गुजरातेत म्हाताऱ्या, जायबंदी आणि निरुपयोगी जनावरांसाठी महाजनांनी पांजरपोळी चालवण्याची प्रथा जुनी होती. मुंबईत या प्रथेला शहरी प्रशासनाच्या गरजेची जोड मिळाली. आरंभी येथे भटकी कुत्री आणि डुकरे यांना आसरा देण्यात आला. पुढे गाई, बैल आणि इतर जनावरेही आली. खर्चासाठी शेठांच्या देणग्यांबरोबरच व्यापारी मालावर स्वेच्छेने बसवलेल्या लाग्याचा आधार घेण्यात आला. मोतीचंद अमीचंद १८३६ मध्ये निवर्तले. ही संस्था आजही सी. पी. टँकजवळ कार्यरत असून आता तेथे मुख्यतः गाईगुरे आहेत.

गुरांसंबंधीचे आणखी एक दान जमशेटजींच्या नावे सांगितले जाते. सरकारने कुरणांवर चराई कर बसवल्यावर गरीब गुराख्यांची अडचण झाली. तेव्हा त्यांनी ठाकुरद्वारजवळ समुद्रालगतची जमीन सुमारे २० हजार रुपयांना विकत घेऊन गुरांना विनामूल्य चरण्यासाठी खुली केली. चर्नी रोड हे नाव या चरणीवरून पडले, असे एक मत आहे.

इतर सार्वजनिक कार्य

जमशेटजींनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले आणि ईस्ट इंडिया कंपनीने त्यात तेवढीच भर घातली. ३ जानेवारी १८४३ रोजी इमारतीची पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय सुरू झाले. त्याच आवारात ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. मुंबई व साष्टी यांना जोडणारा माहीमचा कॉजवे अवाबाईंच्या १ लाख ५७ हजार रुपयांच्या देणगीतून बांधला गेला. लेडी जमशेटजी मार्ग हे नाव त्याची आठवण देते. पुण्याच्या पाणीपुरवठ्यासाठी मुळा-मुठेवर बांधलेल्या बंधाऱ्यालाही जमशेटजींनी मोठी देणगी दिली. या बंधाऱ्यावरूनच बंडगार्डन हे नाव पडले. गरीब पारशी मुलांच्या शिक्षणासाठी १८४९ मध्ये पारशी धर्मादाय संस्था स्थापन झाली. १८५३ मध्ये त्यांनी दिलेल्या एक लाख रुपयांमधून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह ते १८४५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रेल्वे असोसिएशनमध्येही होते.

सन्मान, अखेरची वर्षे आणि निधन

१८३४ मध्ये जमशेटजींची जस्टिस ऑफ द पीस म्हणून नियुक्ती झाली. हा मान मिळालेल्या पहिल्या भारतीयांमध्ये त्यांचा समावेश होता. १८४२ मध्ये त्यांना नाइट हा किताब मिळाला आणि १८५७ मध्ये ते बॅरोनेट झाले. हे दोन्ही मान मिळवणारे ते पहिले भारतीय होते. १८५५ मध्ये लंडन शहराने त्यांना मानद नागरिकत्व दिले. १४ एप्रिल १८५९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. थोरले पुत्र कर्सेटजी हे दुसरे बॅरोनेट झाले. पुढे १८६० च्या कायद्याने या किताबाच्या प्रत्येक वारसाने जमशेटजी जीजीभाई हेच नाव धारण करावे असे ठरले.

मूल्यमापन

जमशेटजींच्या संपत्तीचा मोठा भाग चीनशी होणाऱ्या अफूच्या व्यापारातून आला होता. या व्यापाराने चीनमध्ये व्यसनाधीनता पसरली आणि त्यातूनच पहिले अफूयुद्ध (१८३९–१८४२) उद्भवले. एका देशातील हानीतून मिळालेला पैसा दुसऱ्या देशात रुग्णालये आणि शाळांवर खर्च झाला, हा विरोध त्यांच्या चरित्राचा विचार करताना दुर्लक्षिता येत नाही. त्यांची राजनिष्ठा हाही अभ्यासकांच्या चर्चेचा विषय आहे. काहींच्या मते त्यांनी सरकारची मर्जी सांभाळली. इतरांच्या मते, त्या जवळिकीचा उपयोग त्यांनी नगरवासीयांची बाजू मांडण्यासाठी केला. १८३२ चा प्रसंग दुसऱ्या मताला बळ देतो.

प्राणिनियंत्रणाच्या इतिहासातील स्थान

पांजरपोळीच्या स्थापनेनंतर मुंबईत प्राण्यांविषयीच्या संस्थांची परंपरा निर्माण झाली. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली. त्यानंतर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून परळला बाई साकरबाई प्राणी रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. विदर्भात नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ मध्ये स्थापन झाले.

स्वतंत्र भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम आणि त्याखालील २००१ चे श्वान जन्मनियंत्रण नियम यांनी भटकी कुत्री सरसकट मारण्यास बंदी घातली. २००१ च्या नियमांची जागा २०२३ च्या नव्या नियमांनी घेतली आहे. या नियमांनुसार स्थानिक संस्थेने कुत्र्यांना पकडून त्यांची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जेथून पकडले तेथेच पुन्हा सोडायचे असते. १८३२ च्या तडजोडीत कुत्र्यांना दूर नेणे हा दयेचा मार्ग होता, तर आजच्या नियमांत ते मुद्दाम टाळलेले आहे. एखाद्या भागातील कुत्री हलवली की रिकाम्या जागी बाहेरची, लस न टोचलेली कुत्री येतात, असा त्यामागचा विचार आहे. एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण झाल्यास रेबीजचा प्रसार रोखता येतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

तरीही हा वाद मिटलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये भटक्या कुत्र्यांना सार्वजनिक जागी खाऊ घालण्यास मनाई केली आणि ज्यांना खाऊ घालायचे असेल त्यांनी ती दत्तक घ्यावीत असे सुचवले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाखालील सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश प्रथम दिला. काही दिवसांतच त्यात बदल करून नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडण्यास न्यायालयाने परवानगी दिली. मात्र रेबीजची लागण झालेली, तशी शंका असलेली किंवा आक्रमक कुत्री यातून वगळण्यात आली. नागरिकांची सुरक्षितता, प्राण्यांविषयीची करुणा आणि निवाऱ्याचा खर्च हे १८३२ मध्ये मुंबईत पुढे आलेले तीन प्रश्न आजही महाराष्ट्रातील नगरपालिका आणि महानगरपालिकांपुढे आहेत.