पेशींची भाषा जाणणारे डॉ. खानोलकर

भारतातील कर्करोग संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. १३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकरांनी लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्राची एम.डी. ही पदवी संपादन केली. मुंबईत अध्यापन केल्यानंतर, १९४१ मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे आली.

रुग्णाच्या गाठीचा बारीकसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणे हे त्यांचे नित्याचे काम. परंतु पेशींसोबत ते माणसाचे राहणीमानही वाचीत. कमरेला घट्ट धोतर नेसल्याने वर्षानुवर्षे त्वचा घासली जाऊन होणारा कर्करोग, तसेच तंबाखूच्या सवयींतून उद्भवणारे मुखाचे कर्करोग त्यांनी १९४५ च्या शोधनिबंधात जगापुढे मांडले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले.

१९४१ मध्येच शिकागोत डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग संप्रेरकांवर पोसला जातो, हे दाखवून दिले. या शोधासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. उपचाराची दिशा सापडली, तरी निदानासाठी रुग्णाने वेळेवर येणे आवश्यकच राहिले.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरीच्या गावांतील वयस्कर मंडळी रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, धार बारीक होणे या तक्रारी वयाचा भाग मानून संकोचाने लपवितात. बहुधा ती ग्रंथीची साधी वाढ असते. परंतु कर्करोगही असू शकतो आणि प्रारंभी तो लक्षणेच दाखवीत नाही. लघवीतून रक्त येणे, लघवी अडणे, कंबरेची हाडे सतत दुखणे अशा वेळी विलंब न करता डॉक्टरांना गाठावे. वडील वा भावास हा आजार झालेल्यांनी पन्नाशीपूर्वीच सल्ला घ्यावा. रक्तातील पीएसए साध्या वाढीने वा जंतुसंसर्गानेही वाढते. त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नये. खात्री होते ती बहुधा तुकडा तपासूनच.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकर निवर्तले. त्यांनी रुजविलेली तपासणीची शिस्त आजही रुग्णांच्या कामी येते. मात्र दवाखान्याची पायरी रुग्णालाच चढावी लागते.