डॉ. द्वारकानाथ कोटणीस : मागे राहिलेला डॉक्टर



हॉलंडमधील कार्मेलाईट धर्मगुरू टायटस ब्रँडस्मा यांना १५ मे २०२२ रोजी संत म्हणून घोषित करण्यात आले. कॅथलिक वृत्तपत्रांनी नाझींचा प्रचार छापू नये, असे संपादकांना सांगत ते गावोगाव फिरले. त्यापायी २६ जुलै १९४२ रोजी दाखाऊच्या छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, परक्या सैन्याने पोखरलेल्या दुसऱ्या एका देशात एक मराठी डॉक्टर वारला. त्याचे नाव आपण शाळेत ऐकलेले असते, पण त्यापलीकडे फारसे माहीत नसते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केले, तेव्हा चीनने काँग्रेसकडे वैद्यकीय मदत मागितली. पाच डॉक्टरांचे पथक ठरले. त्यांत अलाहाबादचे डॉ. अटल, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर आणि कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोट सुटली. कोटणीस अठ्ठावीसही पूर्ण नव्हते, आणि काम वर्षभराचे होते.

चीनमध्ये पोचून काही महिने झाले नाहीत तोच वडील वारल्याची बातमी आली. घरी परत जाण्याचा सल्ला सहकाऱ्यांनी दिला. वडील गेलेले असताना घरी न जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजात समजावून सांगावे लागत नाही. कोटणीस थांबले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले. पुढे एकेक करून तिघे मायदेशी परतले. बसू आणि कोटणीस उरले.

शौर्य म्हटले की आपल्याला तलवार दिसते. पण संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याचा मुख्य भाग चाल करून जाण्यात मानलेला नाही, टिकून राहण्यात मानला आहे. सेमिनरीत हे वाचले तेव्हा आम्हांला ते काहीसे कोरडे वाटले होते. कोटणीसांचे चरित्र वाचताना तसे वाटत नाही.

१९४० मध्ये ते उत्तर चीनमधील हबेई प्रांताच्या डोंगराळ भागात गेले. हा भाग जपानी सैन्याच्या पिछाडीस होता. तेथे काम करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन वारले होते. त्यांच्या नावाच्या इस्पितळाची सूत्रे जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. इस्पितळ म्हणजे खेड्यातली घरे. शत्रू जवळ आला की रुग्ण, औषधे, अवजारे, सगळे उचलून पुढच्या गावी न्यायचे. जपानी फौजांचे धोरण ठार मारा, जाळा, लुटा असे होते. जखमींना आसरा दिल्याचे उघड झाले तर गावाचे काय होईल हे शेतकऱ्यांना ठाऊक होते, तरी ते आपली घरे आणि धान्य देत राहिले. डॉक्टरांच्या बरोबरीने या लोकांचीही आठवण ठेवायला हवी.

कोटणीस चिनी बोलायला शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. लोक त्यांना प्रेमाने काळी आई म्हणत, असे तेथील लेखनात आढळते. ते रंगावरून होते. आपल्याकडे शेतकरी हेच नाव कपाशीच्या जमिनीला देतो, हे त्या चिनी शेतकऱ्यांना कोठून ठाऊक असणार!

तेथील परिचारिका विद्यालयात शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात दोघांची पहिली भेट झाली होती. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

संसार वर्षभराचाच. कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. आघाडीपासून दूर जाऊन उपचार घ्यावेत, असा आग्रह झाला. त्यांनी तो मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचे होते.

कोटणीस ख्रिस्ती नव्हते. १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. त्याच पक्षाच्या राजवटीत पुढे चीनमधील आपल्या धर्मबांधवांनी काय सोसले, हे आम्ही विसरलेलो नाही, आणि ही बाब झाकूनही ठेवत नाही. पण रात्ररात्र उभे राहून परक्या शेतकऱ्याच्या पोराचा पाय वाचवणारा माणूस कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न त्या पोराच्या आईने विचारला नसेल.

व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. जुन्या मंडळींना तो आठवेल. ग्वो छिंगलान यांच्या वाट्याला आणखी एक दुःख आले. यिनहुआ वैद्यकीचे शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये वारला. तरीही त्या भारतात सासरच्या माणसांना भेटायला पुनःपुन्हा आल्या. २०१२ मध्ये त्या वारल्या.

कोटणीसांची समाधी चीनमधील शिजियाझुआंग येथे आहे. सोलापुरात त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. आपल्या यवतमाळवरून जाणारा महामार्ग तुळजापूरला पोचतो. तेथून सोलापूर तासाभरावर आहे.