सेसिल शार्प

सेसिल जेम्स शार्प (२२ नोव्हेंबर १८५९ – २३ जून १९२४) हे इंग्लंडमधील लोकगीते व लोकनृत्ये यांचे संग्राहक, संगीतशिक्षक आणि लेखक होते. खेड्यांतील वृद्धांच्या स्मरणात पूर्ण वा अर्धवट उरलेली गाणी शोधून त्यांच्या सुरावटी व शब्द लिहून ठेवणे, हे त्यांचे मुख्य कार्य होय. त्यांनी टिपलेल्या सुरावटींची संख्या पाच हजारांच्या जवळपास आहे.

पूर्वायुष्य

शार्प यांचा जन्म लंडनच्या डेन्मार्क हिल भागात झाला. केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजात गणिताचे शिक्षण घेऊन १८८२ मध्ये ते ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे गेले. तेथे त्यांनी प्रथम बँकेत कारकुनी केली व पुढे ते संगीतशिक्षणाकडे वळले. १८९२ मध्ये इंग्लंडला परतल्यावर त्यांनी संगीतशिक्षकाचा पेशा पत्करला. वयाच्या चाळिशीपर्यंत लोकसंगीताशी त्यांचा फारसा संबंध आला नव्हता.

२६ डिसेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्डजवळील हेडिंग्टन येथे ते सासुरवाडीला मुक्कामास असताना मॉरिस नर्तकांचा ताफा दारी आला. हे नृत्य खरे तर उन्हाळ्याच्या आरंभीचे. परंतु थंडीमुळे कामे बंद पडल्याने चार पैसे मिळवण्यासाठी ही मंडळी अवेळी बाहेर पडली होती. ताफ्यातील वादक विल्यम किंबर यांच्याकडून शार्प यांनी दुसऱ्या दिवशी त्या सुरावटी उतरवून घेतल्या.

सॉमरसेटमधील शोध

सप्टेंबर १९०३ मध्ये शार्प हे सॉमरसेट परगण्यातील हॅम्ब्रिज गावी चार्ल्स मार्सन या धर्मगुरू मित्राकडे गेले होते. मार्सन यांचा माळी जॉन इंग्लंड हिरवळ कापताना ‘द सीड्स ऑफ लव्ह’ हे जुने गीत गुणगुणत होता. शार्प यांनी ते तत्काळ लिहून घेतले, त्याला पियानोची साथ रचली आणि त्याच संध्याकाळी गावच्या मेजवानीत ते एका प्रशिक्षित गायिकेकडून म्हणवून घेतले. त्यांच्या पुढील कार्याचे बळ आणि त्यावरील आक्षेप या दोहोंचे मूळ या एका दिवसात दिसते. गाणे वाचले, पण ज्याच्या तोंडी ते होते त्याच्याकडून ते काही तासांतच दिवाणखान्यात पोहोचले.

त्यानंतर शार्प यांनी सुट्ट्यांमध्ये सायकलवरून सॉमरसेट पालथे घातले. हॅम्ब्रिजच्याच लुसी व्हाइट आणि लुईझा हूपर या बहिणींकडून त्यांना मोठा साठा मिळाला. फोनोग्राफ उपलब्ध असूनही त्यांचा भर वही-पेन्सिलीवरच राहिला. यंत्रासमोर गायक अवघडतो, असे त्यांचे मत होते. पर्सी ग्रेंजर यांनी मात्र १९०६ पासून फोनोग्राफ वापरला, आणि त्यामुळे त्यांच्या गायकांचे आवाज आजही ऐकता येतात. ‘फोक साँग्ज फ्रॉम सॉमरसेट’ हा शार्प यांचा संग्रह १९०४ ते १९०९ या काळात पाच भागांत प्रसिद्ध झाला. त्यातील सुरावटींवरून गुस्ताव होल्स्ट यांनी ‘अ सॉमरसेट ऱ्हॅप्सडी’ रचली व ती शार्प यांना अर्पण केली.

गीतांच्या उगमाविषयीचा विचार

एखादे गीत मुळात कोणाचे, हा प्रश्न शार्प यांच्यापूर्वीही अभ्यासला जात होता. अमेरिकन विद्वान फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी जुन्या हस्तलिखितांतून व छापील साधनांतून ३०५ कथागीते निश्चित केली होती. त्यांचा भर शब्दांवर होता. शार्प यांनी १९०७ च्या ‘इंग्लिश फोक-साँग : सम कन्क्लूजन्स’ या ग्रंथात वेगळी भूमिका घेतली. गीत प्रथम कोणी एकाने रचलेले असले, तरी पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी फिरताना ते बदलते आणि समाजाला रुचलेले बदलच टिकतात. सातत्य, बदल आणि निवड ही त्यांची तीन सूत्रे होत. या दृष्टीने विसरलेली ओळ वा बदललेला स्वर ही निव्वळ चूक न राहता गीताच्या आयुष्याचा भाग ठरते. आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने १९५४ मध्ये केलेली लोकसंगीताची व्याख्या याच तीन सूत्रांवर उभी आहे.

या सिद्धान्ताची दुबळी बाजू म्हणजे छापखाना. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या स्वस्त गीतपत्रकांतून अनेक गीतांचे शब्द पसरले होते. शार्प यांना हे ठाऊक होते, तथापि त्यांनी त्याला पुरेसे महत्त्व दिले नाही.

ॲपलाचियातील भ्रमंती

१९१५ मध्ये शार्प अमेरिकेत कंबरदुखीने अंथरुणाला खिळले असताना ऑलिव्ह डेम कॅम्बेल त्यांना भेटावयास आल्या. दक्षिण ॲपलाचियाच्या डोंगराळ भागात त्यांनी गोळा केलेली गाणी पाहून शार्प यांना तेथे ब्रिटनमधून गेलेली परंपरा जिवंत असल्याची खात्री पटली. १९१६ ते १९१८ या वर्षांत, दम्याचा विकार असतानाही, सहायक मॉड कार्पेलीस यांच्यासह त्यांनी या प्रदेशात एकूण ४६ आठवडे काढले. २८१ गायकांकडून त्यांनी सुमारे १,६०० सुरावटी टिपल्या. लंडनमध्ये १६६६ साली सॅम्युएल पेप्स यांनी दैनंदिनीत नोंदवलेले ‘बार्बरा ॲलन’ हे गीत अडीचशे वर्षांनंतर येथे अनेक निरनिराळ्या चालींत गायले जात होते.

याच काळात युरोपात महायुद्ध सुरू होते. शार्प यांचे नृत्यपथकातील सहकारी व संगीतकार जॉर्ज बटरवर्थ ऑगस्ट १९१६ मध्ये सोमच्या लढाईत मारले गेले; त्याच पथकातील आणखीही काही जण त्या लढाईतून परतले नाहीत.

आक्षेप

शृंगारिक शब्द सौम्य करून, प्रसंगी कडवी बदलून शार्प गीते छापत असत. मूळ शब्द त्यांनी वह्यांमध्ये मात्र जसेच्या तसे ठेवले, म्हणून हा फेरफार आज तपासता येतो. ॲपलाचियात त्यांनी प्रामुख्याने गोऱ्या, ब्रिटिश वंशाच्या लोकांची गाणी शोधली. आफ्रिकी-अमेरिकी गायकांकडे त्यांचे बहुतांशी दुर्लक्ष झाले. भजने व नव्या धाटणीची गाणीही त्यांनी बव्हंशी वगळली. डेव्ह हार्कर यांनी १९८५ च्या ‘फेकसाँग’ या ग्रंथात त्यांच्यावर कठोर टीका केली. त्यातील आकडेवारीतील चुका सी. जे. बेअरमन यांनी पुढे दाखवून दिल्या.

मृत्यू

२३ जून १९२४ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे शार्प यांचे निधन झाले. त्यांची हस्तलिखिते क्लेअर कॉलेजाकडे गेली. ॲपलाचियाच्या संग्रहाची २७४ गीते व ९६८ सुरावटी असलेली विस्तारित आवृत्ती कार्पेलीस यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केली. लंडनमधील ‘सेसिल शार्प हाउस’ ही वास्तू १९३० मध्ये खुली झाली.